कोपऱ्यातला हात

माझा थोरला भाऊ देल्फिन, म्हणजे माझा मानोंग, गेला त्याला उद्या चाळीस दिवस होतील. चाळिसाव्याला घर भरेल, प्रार्थना होईल, लोक भात-डुक्कर खातील आणि मग तो खरंच गेला असं धरायचं. त्याच्या आत मला हे सांगून टाकायचंय. त्याच्याकडं फोटो शिकायला येणारे म्हणाले, पुरिंग मानांग, तुम्ही लिहा, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं. मी म्हटलं, ओळखत असते तर अकरा वर्षं त्याच्याशी अशी वागले असते का? पण लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढचं सगळं आयुष्य कालवं फोडण्यात गेलं.

आम्ही तीन भावंडं. देल्फिन मानोंग, मग लुदिंग मानांग, म्हणजे माझी थोरली बहीण, मग मी. आमचे वडील, ताताय, समुद्रात बांबूचं कुंपण घालून मासे धरायचे. किनाऱ्यापासून एक सरळ रेघ आत, दोनशे पावलं, आणि टोकाला गोल खोली. मासा किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत येतो, कुंपण आडवं लागलं की वळतो आणि त्याच्या कडेकडेनं खोल पाण्याकडं जातो. त्याला वाटतं आपण आपल्या मर्जीनं चाललोय. जातो तो थेट खोलीत.

कुंपण घालताना मानोंग दोरी धरून पाण्यात पुढं जायचा, लुदिंग बांबू वाहायची आणि मला ताताय किनाऱ्यावर चिखलात उभं करायचे. माझ्या हातात पहिला खुंटा. "इंदाय, पोरी, हा धर. हात हलवू नकोस." मी रडायचे, मलापण पाण्यात यायचंय. ताताय म्हणायचे, "तू हललीस की सगळं कुंपण वाकडं." मला ते लहान पोरीला गप्प बसवायचं बोलणं वाटायचं. पुढं मानोंग आणि लुदिंग मासे घेऊन ओलेचिंब होऊन परत यायचे, हसत. मी आपली खुंटा धरून उभी, पाय डासांनी फोडलेले.

मानोंग तरुणपणी शहरात एका फोटोच्या दुकानात होता. परत आला तो एक कॅमेरा घेऊन. बाप्तिस्मा, लग्न, गावची जत्रा, सगळं काढायचा. पण त्याचं नाव झालं ते मयतीच्या फोटोंनी. आमच्याकडं चर्चच्या पायरीवर पेटी उघडून ठेवतात, घरचे सगळे भोवती उभे राहतात आणि मग शेवटचा फोटो होतो. परदेशात गेलेल्यांना पाठवायला तेवढंच असतं. पोरं त्याला मढ्यांचा फोटोवाला म्हणायची. तो म्हणायचा, "म्हणा. माझं गिऱ्हाईक कधी म्हणत नाही की डोळे मिटलेले आलेत."

प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि त्याचं काम बसलं. मग तो रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर शिकवायला लागला. कुणीही यावं. फी काय, तर बेकरीतला गरम पाव. पहिला आला तो आमचा डोमेंग, तीनचाकी चालवतो, पन्नाशीचा माणूस. त्यानं माशांच्या तळ्याचा बांध काढून आणला. लांबच लांब बांध आणि मागं आभाळ.

"डोमेंग, ही रेघ कुठं जाते?"

"समुद्राकडं, मानोंग."

"मग मीपण समुद्रात जाऊ? मला इथवर चालवत आणलंस आणि टोकाला कुणीच नाही. जेवायला बोलवायचं आणि घराला कुलूप लावून जायचं, तसं केलंस तू."

"मग काय ठेवू टोकाला?"

"तुझी बायको ठेव."

"ती बांधावर मावायची नाही, मानोंग. बांध फुटेल."

हे त्याच्या बायकोपर्यंत पोचलं आणि डोमेंग दोन दिवस आपल्या तीनचाकीतच जेवला.

तर असं तो शिकवायचा. माणसाचा डोळा म्हणजे मासा, म्हणायचा. त्याला बांध द्या, होडीची दोरी द्या, चर्चमधली बाकांची रांग द्या, तो कडेकडेनं चालत जातो. रेघ मधूनच सुरू करू नका, कोपऱ्यातून आत आणा. खाली बसा, गुडघे दुखले तरी बसा, बसलं की रेघ लांब होते. जी रेघ चित्राच्या बाहेर निघून जाते ती तुमचा मासा घेऊन जाते. आणि टोकाला कुणीतरी असू द्या, ज्याच्यासाठी एवढं चालायचं. मी हे सगळं लांबून ऐकलंय. बाजाराच्या तोंडाशी माझी कालवांची पाटी, आणि त्यांची शाळा समोरच्या धक्क्यावर भरायची.

आता भांडणाचं सांगते. आमची आई, नानाय, नऊ वर्षं अंथरुणावर होती. तिची हगमूत मी काढली, पेज मी भरवली, तिला कूस मी बदलून दिली. लग्नाचं वय त्यातच निघून गेलं, ते जाऊ दे. लुदिंग मानांग हाँगकाँगला दुसऱ्यांच्या घरी काम करते, तेव्हाही तिथंच होती. नानाय गेली आणि लुदिंगला आठ दिवसांची रजा मिळाली. ती आली तेव्हा नानाय पेटीत होती. लुदिंगच्या अंगावर तपकिरी झगा होता, तिच्या मालकिणीचा जुना. घरात शिरली आणि पेटीला मिठी मारायला धावली, तर सगळ्यांनी तिला मागं ओढलं, कारण पेटीवर डोळ्यांतलं पाणी पडू द्यायचं नसतं, मेलेल्याला निघायला जड जातं.

चर्चच्या पायरीवर फोटोची वेळ झाली. मानोंग पेटीच्या पायाकडं कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसला.

"लुदिंग, तू डोक्याशी. मधोमध. बाकीचे दोन्ही बाजूंना. पुरिंग, तू इकडं ये, माझ्या जवळ. पायाशी."

"एवढी पुढं?"

"अजून पुढं. पेटीच्या कडेवर हात ठेव. अजून माझ्याकडं."

"मी दिसते का?"

"हात हलवू नकोस," एवढंच म्हणाला.

मी हलवला नाही.

फोटो आला. पेटीच्या दोन्ही कडा खालून वर निमुळत्या होत गेलेल्या, मधे नानायचा चेहरा, आणि त्याच्या वर बरोबर टोकाला लुदिंग. सगळे काका, माम्या, चुलतभाऊ आपापल्या जागी. आणि मी कुठं? खाली डाव्या कोपऱ्यात एक हात. मनगटापर्यंत. तोंड नाही, खांदा नाही, काही नाही. मला वाटलं, फोटो कापताना हात तेवढा चुकून राहून गेला.

नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, लुदिंग परत गेली, आणि मी फोटो घेऊन मानोंगकडं गेले. त्याचं घर माझ्यापासून दोनशे पावलांवर.

"माझं तोंड कुठंय?"

"त्यात नाही."

"ते मला दिसतंय. का नाही?"

"रेघ लुदिंगकडं जायला हवी होती."

"नऊ वर्षं मी केलं तिचं. आणि रेघ आठ दिवसवालीकडं?"

"म्हणूनच," तो म्हणाला.

त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. तो पुढं काही बोलणार होता, तोंड उघडलं होतं त्यानं, मी आजही बघते ते उघडलेलं तोंड. पण माझ्या हातात कालवं फोडायची सुरी होती ती मी त्याच्या टेबलावर आपटली आणि म्हटलं, "मला माझ्याच आईच्या मयतीतून कापलंस. आता माझ्या मयतीला तू येऊ नकोस." आणि निघून आले. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी टाकला.

तो हट्टी, मी त्याहून हट्टी. अकरा वर्षं गेली. अगदी बोलणं बंद नव्हतं. वादळ आलं की तो येऊन माझं छप्पर बांधून द्यायचा. मी कालवांचं कालवण पाठवायचे, त्याच भांड्यातून तो वाळवलेले मासे पाठवायचा. भांडी बोलायची, आम्ही नाही.

एकदा, तीनेक वर्षं झाली असतील, त्यानं आपली सगळी शाळा माझ्या पाटीपुढं आणून उभी केली. आठ-नऊ माणसं, डोमेंग सगळ्यांत पुढं. मी फोडलेल्या शिंपल्या रांगेत मांडत होते.

"ही बघा माझी बहीण," मानोंग म्हणाला, मोठ्यानं. "हिच्या शिंपल्यांची रांग बघा. सांगा, रेघ कुठून सुरू होते?"

"टोपलीपासून," कुणीतरी म्हणालं.

"नीट बघा. शिंपल्या आपोआप येऊन बसल्या का रांगेत?"

मला वाटलं, हा चारचौघांत माझी चेष्टा करतोय. मी म्हटलं, "रेघ तुझ्या टाळक्यातून सुरू होते आणि तिथंच संपते. गिऱ्हाईक अडवू नकोस." आणि शिंपल्या धुतलेलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं.

सगळे हसले. डोमेंग म्हणाला, "मानोंग, ही रेघ थेट तुमच्या चपलेत आली." मानोंगपण हसला. पण जाताना मागं वळून एकदा बघितलं त्यानं. मी तोवर दुसरं कालव फोडायला घेतलं होतं.

तो पडला तो बांधावर. बुधवारी सकाळी उजेडाची वाट बघत बसला होता, तिथंच कलंडला. डोमेंगनं त्याला तीनचाकीत घालून दवाखान्यात नेलं. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. मी दोन दिवस त्याच्या उशाशी होते. अकरा वर्षांत एवढा वेळ आम्ही एका खोलीत नव्हतो. मी बोलत राहिले, कसलंही, कालवं यंदा बारीक आहेत, पलीकडच्यांची डुकरीण व्याली. त्याचा डावा हात तेवढा हलत होता. चादर नवीन होती, तिला कडक घडी होती, कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली. त्या घडीवरून तो बोट फिरवायचा. खालून वर. परत खाली आणून परत वर. चार-पाच वेळा केलं असेल. मला वाटलं घडी टोचतेय. मी म्हटलं, "थांब रे, मानोंग," आणि तळव्यानं ती घडी दाबून दाबून सपाट केली. वर पाण्याचा हात फिरवला. मग त्याला चमच्यानं पाणी पाजलं. त्यानं बोट परत फिरवलं नाही. शुक्रवारी दुपारच्या आत गेला.

लुदिंग येईपर्यंत पेटी घरात ठेवली. मानोंगनं लग्न केलं नव्हतं, बायको-मुलं नाहीत, त्यामुळं पेटीजवळ मी एकटीच घरची. लोक यायचे, कॉफी-बिस्किटं व्हायची, पत्ते व्हायचे. चौथ्या दिवशी दुपारी डोमेंग आला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला.

"मानांग, रविवारची शाळा आम्ही चालू ठेवणार. पण पहिला धडा कुणाला जमेल?"

"कसला पहिला धडा? तो बांधाचाच ना?"

"नाही, बांधाचा दुसरा. पहिला हा." त्यानं सदऱ्यातून प्लास्टिकमधे घातलेला फोटो काढला. कोपरे फाटलेले, शंभर हातांतून गेलेला. नानायच्या मयतीचा.

म्हणजे मानोंग माझा अपमान दर नव्या माणसाला दाखवत होता.

"हा दाखवून मानोंग विचारायचे, डोळा कुठं जातो? आम्ही म्हणायचो, तपकिरी झग्यातल्या बाईकडं. ते म्हणायचे, ती माझी बहीण लुदिंग. आम्हाला नानाय नऊ वर्षं मिळाली आणि तिला मेलेलीच मिळाली. ती हा फोटो दुसऱ्याच्या घरात आपल्या पलंगासमोर लावणार, तिला आईपर्यंत जायला एक वाट तरी पाहिजे. मग विचारायचे, रेघ सुरू कुठून होते? एकालाही कधी सांगता आलं नाही, मानांग. दर वेळी. मग ते इथं बोट ठेवायचे." डोमेंगनं कोपऱ्यातल्या हातावर बोट ठेवलं. प्लास्टिक तिथं घासून पांढरं झालं होतं. "म्हणायचे, हा पहिला खुंटा. किनाऱ्यावरचा. सगळे खोलीतला मासा बघतात, ह्याला कुणी बघत नाही. हा नऊ वर्षांत एकदा जरी हलला असता तर आमचं घर वाकडं झालं असतं."

मी पेटीकडं बघत होते.

"आणि तोंड का नाही?" मी विचारलं.

"ते शाळेतल्या बेकरीवालीनं विचारलं होतं एकदा. मानोंग म्हणाले, तोंड घेतलं असतं तर डोळा तिथंच थांबला असता, आईपर्यंत गेलाच नसता. मग म्हणाले, पण तिला आधी विचारायला हवं होतं. ते माझं चुकलं." डोमेंगनं फोटो पुसला. "हे त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल."

"सांगितलं की," मी म्हटलं.

तो उठला, गेला. मला त्याच्या मागं धावायचं होतं, त्याला थांबवून विचारायचं होतं की आणखी काय काय म्हणाला, कधी म्हणाला, माझं नाव घ्यायचा का. पण मयताच्या घरच्यानं आल्यागेल्याला दारापर्यंत सोडायला जायचं नसतं, नाहीतर घरात दुसरं मरण येतं. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले आणि तीनचाकीचा आवाज लांब जाताना ऐकला.

मग ट्रंक उघडली. अकरा वर्षांनी वर्तमानपत्र सोडलं. हात माझाच. अंगठ्यावर सुरीचा वण आहे तो नीट दिसतोय. एवढा स्वच्छ, की चुकून राहिला असं म्हणायची सोयच नाही. मी तेव्हा बघितलाच नव्हता. नसलेलं तोंड शोधत बसले होते.

लुदिंग मानांग आठव्या दिवशी आली. केस पिकलेत तिचे, गुडघे गेलेत, अजून लोकांच्या फरश्या पुसते. चर्चच्या पायरीवर पेटी उघडली. मानोंगचे सगळे शिष्य कॅमेरे घेऊन उभे, पण काढायचा डोमेंगनं असं ठरलं होतं. तो पायाशी गुडघ्यावर बसला.

"डोक्याशी कोण?" त्यानं विचारलं.

"पुरिंग," सगळे एकदम म्हणाले. लुदिंगनंच मला पुढं ढकललं. "तू राहा. मी नानायच्या वेळी राहिले होते."

"तुझी रजा किती दिवस आहे?"

"सहा."

"मग तूच राहा."

"वेडी आहेस का? ह्याचं सगळं तू केलंस."

"म्हणूनच," मी म्हटलं. माझ्या तोंडून तो शब्द निघाला आणि माझं मलाच ऐकू आलं.

मी पायाशी गेले, डाव्या बाजूला, आणि पेटीच्या कडेवर हात ठेवला. लाकूड उन्हानं तापलं होतं.

"मानांग, थोडं मागं सरका," डोमेंग म्हणाला. "तुमचं तोंड येत नाहीये."

"नको येऊ दे. हात येतोय का?"

त्यानं कॅमेऱ्यातून बघितलं. "येतोय, मानांग."

"मग काढ लवकर. लुदिंग, मागं हो, पेटीवर पाणी पडेल."

"तूच मागं हो," ती म्हणाली. "तुझं आधी पडेल."

पुरून आल्यावर मी लुदिंगला विचारलं, तुला माहीत होतं का, त्या फोटोतल्या हाताचं? ती पाय चोळत बसली होती. म्हणाली, "त्यात माहीत काय असायचंय? अकरा वर्षं माझ्या पलंगासमोर आहे तो. सकाळी डोळा उघडला की आधी तुझा हात दिसतो, मग नानाय. मला वाटायचं, पुरिंगनंच सांगितलं असेल तसा काढायला." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "का गं?"

"काही नाही," मी म्हटलं.

ती सहाव्या दिवशी गेली. नवा फोटो घेऊन गेली. माझे दोन्ही आता भिंतीवर आहेत. येणारे विचारतात, तू कुठंयस? मी दाखवते.

ते मिटलं माझ्यापुरतं. पण दवाखान्यातली ती चादर मिटत नाही. कोपऱ्यातून वर, कोपऱ्यातून वर, असं त्यानं चार-पाच वेळा दाखवलं. तो मला शिकवत होता की माफी मागत होता की नुसतीच तहान लागली होती त्याला, हे आता कोण सांगणार. डोमेंगला विचारलं तर तो म्हणाला, "तहान असेल, मानांग. आजाऱ्याला तहान लागतेच." भला माणूस आहे, मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. मीपण मान डोलावली.

पण त्याची शेवटची रेघ मी माझ्या हातानं पुसली. ह्याच हातानं.